कडेच्या खोलीतला पंखा

३ जानेवारी, शुक्रवार

ह्यांच्या पलटणीतून दरवर्षी नवी डायरी येते आणि दरवर्षी ती दुधाच्या रतिबाला जाते. यंदा मी ती आधीच उचलून हॉटेलच्या गल्ल्यात ठेवली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोनदा शोधून गेल्या. दूध काय, कॅलेंडरवरही लिहिता येतं. मला कुणापाशी बोलता येत नाही ते लिहायला जागा पाहिजे, आणि सध्या तसं पुष्कळ साचलंय.

आज दुपारी हुकूम आला. तालुक्यातल्या सगळ्या परमिट रूम यापुढे रात्री दहाला बंद. आजपर्यंत साडेअकरापर्यंत मुभा होती. हुकूम घेऊन आलेला शिपाई बिचारा भला होता. चहा प्याला, "ताई, हितं सही करा," म्हणाला, आणि मी सही केल्यावर "बाई बसतीया व्हय गल्ल्यावर," असं धुळाला हळूच विचारून गेला. धुळा आमचा जुना वेटर. त्याने मान हलवली.

होय, बाई बसते. दिवाळीत माझा धाकटा दीर वीरधवल चाकणला नोकरी लागली म्हणून हॉटेल सोडून गेला. परवाना मामंजींच्या नावावर, पण मामंजी म्हणजे माझे सासरे आकाराम कसे, तर 'मी त्या हाटेलात पाय ठेवत न्हाई' हे गावभर सांगणारे. आमचे हे जम्मूला. पुढच्या वर्षी पेन्शनीवर येणार आणि येऊन हॉटेलच चालवणार, हे आमचं लग्न झाल्यापासूनचं ठरलेलं आहे. नावसुद्धा ह्यांनीच ठेवलं, हॉटेल पलटण. तोवर गल्ल्यावर कोण? मी म्हणाले, मी.

मामंजींना ते मान्य नाही. सांगलीचा एक ठेकेदार हॉटेल पाच वर्षांसाठी चालवायला मागतोय, त्याला देऊन टाकू म्हणतात. मी हट्टाने पाडव्यापर्यंतची मुदत घेतली. पाडव्याला मामंजी काय ते ठरवणार. ठेकेदाराला दिलं तर हे येऊन बसणार कुठे, आपल्याच दारात वॉचमन म्हणून? ते मी होऊ देणार नाही. आणि नेमका आत्ताच हा हुकूम यायचा होता.

९ जानेवारी, गुरुवार

हुकूम येऊन आठवडा होत आला. दीड तास कमी झाला म्हणजे धंदा थोडा कमी होणार हे मी धरलं होतं. पण हा तर निम्म्यावर आला आणि का ते मला कळत नाही.

आमच्याकडे पुढे जेवणाचा हॉल आहे. मागे परमिट रूम, म्हणजे प्लायवूडचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला पडदा. वीरधवलला ह्या पडद्यांची काय हौस होती देव जाणे. अगदी शेवटी एक छोटी खोली आहे, तिला सगळे कडेची खोली म्हणतात. तिचं दार मागे उसाच्या रानात उघडतं. ती बहुतेक रिकामीच असते.

संध्याकाळी सातला वयस्कर मंडळी येतात. जोतिबातात्या आणि त्यांचे सोबती. सावकाश घेतात, साडेनऊपर्यंत रेंगाळतात. पोरं पूर्वी कारखान्यावरून, शेतावरून आवरून त्यानंतर यायची ती शेवटपर्यंत असायची. आता दहाला बंद होतंय म्हटल्यावर पोरांनी लवकर यावं की नाही? येत नाहीत. काल साडेआठला जोतिबातात्यांच्या पप्पूची मोटरसायकल फाटकात आली, थांबली. तात्यांची जुनी लुना तिथेच लावलेली होती. पप्पूने मान लांब करून आत बघितलं आणि लुनेला वळसा घालून निघून गेला. मागून आणखी दोघांनी तेच केलं. पोलिसांची गाडी आहे का बघत असतील. मी धुळाला म्हटलं, "आपण काय चोरी करतोय का? सांग की त्यांना." धुळा म्हणाला, "सांगतो वयनी," आणि टेबल पुसायला गेला. ते टेबल त्याने आत्ताच पुसलं होतं.

रात्री ह्यांचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू संध्याकाळी सातला घरी जात जा. देवापुढं दिवा लाव. तासाभरानं परत ये." मी म्हटलं, दिवा आत्याबाई लावतात. तर म्हणे, "तरी पण." तरी पण काय, असं विचारलं तर ह्यांचं नेटवर्क गेलं. मोक्याच्या वेळी ह्यांचं नेटवर्क बरोबर जातं. बायको गल्ल्यावर बसलेली ह्यांनाही टोचते की काय, ह्या विचाराने मला झोप आली नाही. वाईट वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला घरी बायका आल्या होत्या. पप्पूची बायको रेश्मा तिळगूळ देऊन म्हणाली, "काकी, राग नका धरू, पण लय ब्येस झालं बगा ह्यो हुकूम. आता मानूस दहाच्या आत दारात असतोय."

बाकीच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुझं बरं झालं ना, मग मला आनंदच आहे." खोटं नव्हतं ते. तिच्या जागी मी असते तर मीही तिळगूळ जरा जास्त वाटला असता. पण पुढे ती म्हणाली, "फकस्त कवाकवा कालव्यावरनं येतोय, पायाला चिखल असतोय." म्हणजे हा कालव्याकडेला बसून पितो. माझ्याकडे येत नाही ते नाहीच, आणि हिच्या घरी येतो तोही चिखलाने भरून. दोघींचंही काही भलं झालेलं नाही, पण हे मी तिला सांगितलं नाही.

मोठा प्रश्न मला असा पडतो की गावच्या बायकांना ज्याचा आनंद होतो त्याच्या विरुद्ध मी का झगडतेय. मग स्वतःला सांगते, मी हुकमाच्या विरुद्ध नाही. दहा तर दहा. दहाच्या आत माझं हॉटेल भरलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे.

२२ जानेवारी, बुधवार

वीरधवलचा फोन. "वहिनी, दहाला शटर अर्धं ओढायचं, दिवे मालवायचे, मागच्या दारानं चालू ठेवायचं. सगळे तेच करत्यात." मी सांगितलं की परवाना मामंजींच्या नावावर आहे. उद्या केस झाली तर ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या ते चढणार, तू चाकणला असशील. दहाला म्हणजे दहाला शटर पूर्ण खाली. मग मी त्याला विचारलं, तुझ्या वेळी पोरं साडेनऊच्या आधी कधी यायची का रे? तो हसला, म्हणाला, "वहिनी, तुमाला न्हाई ते कळायचं," आणि साहेब बोलावतात म्हणून फोन ठेवला. मला न कळायला मी काय पहिलीत आहे?

घरातही एक कटकट आहे. मामंजींचं जेवण कमी झालंय. आत्याबाई सांगत होत्या, "पूर्वी सातला फिराया जायाचे ते साडेआठला हासत यायाचे. आन् आता सातला जात्यात, सव्वासातला घरात. आले की पोरांवर खेकसत्यात." मी म्हटलं, थंडी आहे. आत्याबाई म्हणाल्या, "व्हय, थंडीच म्हनायची." मी काल संध्याकाळी गल्ल्यावरून बघितलं तर मामंजी खरंच रस्त्याने आले, आमच्या फाटकापाशी उभे राहिले, माझ्याकडे बघितलं आणि परत फिरले. सून गल्ल्यावर बसलेली बघवत नसणार. रोज फाटकापर्यंत येऊन रोज तेच बघून जायचं, एवढा राग. मला रडू यायला लागलं होतं, पण समोर गिऱ्हाईक होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. रडत बसून काही होत नाही.

मी शांतपणे विचार केला. वेळ कमी झालाय, तर तेवढ्याच वेळात जास्त माणसं बसवली पाहिजेत. कप्प्यांनी निम्मी जागा खाल्लीय. पडदे कळकट, आत अंधार, कोण कुठे बसलंय ते दिसत नाही. आजकाल कराडकडची हॉटेलं कशी लख्ख असतात. म्हणून कप्पे काढायचे, पडदे काढायचे, मोठा उघडा हॉल करायचा आणि पांढऱ्या ट्यूब लावायच्या. कडेच्या खोलीची भिंतसुद्धा पाडायची.

धुळाला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. "समदे कप्पे, वयनी?" म्हटलं, समदे. "कडेची खोली बी?" ती आधी. भटारखान्यातून आमचे रसूलभाई बाहेर आले. त्यांच्या हातचा अख्खा मसूर खायला इस्लामपूरची माणसं येतात, आणि इस्लामपूरच्या माणसाने मसुराला दुसरीकडे जावं ह्याहून मोठं सर्टिफिकेट नाही. ते स्वतः आयुष्यात थेंब शिवलेले नाहीत. तेही म्हणाले, "वयनी, जरा इचार करा." मी म्हटलं, रसूलभाई, विचार करूनच बोलतेय. ते परत भटारखान्यात गेले. पुरुषमाणसांना काही बदलायचं म्हटलं की अंगावर काटा येतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

हॉल तयार झाला. इतका उजेड की टेबलावरची मोहरी दिसावी. मी हॉलला नारळ फोडला, पेढे वाटले. फलक लावला की गाड्या समोर लावाव्यात.

सातला जोतिबातात्या आले. दारात थबकले, डोळ्यांवर हात धरला. "काय गं पोरी, ऑपरेशन थेटर केलंस व्हय?" मी हसले. तात्या अगदी कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, उजेडाचा त्रास होतो. म्हाताऱ्यांना होतोच.

आठला पप्पू आला. फाटकात लुना नव्हती, तात्या आज कुणाच्या तरी गाडीवर आले होते. पप्पू मित्रांबरोबर मोठ्याने बोलत आत शिरला आणि तात्यांनी आवाजावरून मान वळवली. दोघांची नजरानजर झाली. हॉलमध्ये दहाबारा माणसं होती, ती सगळी आपापल्या ताटाकडे बघायला लागली. तात्यांनी समोरचा ग्लास हळूच शेजाऱ्याकडे सरकवला आणि धुळाला म्हणाले, "मी अंडाकरी सांगितलीया. अजून आली न्हाई." पप्पू सरळ माझ्याकडे आला, "काकी, पान्याची बाटली द्या," म्हणाला. मी बाटली दिली. ती घेऊन तो गेला, मित्रही गेले. तात्यांनी अंडाकरी खाल्ली. त्यांना अंडं चालत नाही, पित्त होतं, हे मला माहीत आहे. शेजारच्याने तात्यांचा ग्लास संपवला आणि तोही उठला. साडेआठला हॉल रिकामा आणि मी एवढ्या उजेडात एकटी.

बापलेकात काही भांडण दिसतंय. शेतीच्या वाटणीचं असेल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस मागच्या हॉलमध्ये कुणी नाही. जेवायला माणसं येतात, मसूर खातात, जातात. धुळा मोकळ्या टेबलांमधून येरझाऱ्या घालतो. मी चिडून त्याला म्हटलं, तुला काही माहीत असेल तर सांग. "मला काय म्हाईत, वयनी," म्हणाला, आणि इतक्या दुःखाने म्हणाला की मलाच त्याची कीव आली.

जेवताना मामंजींनी आपणहून विषय काढला, कधी नव्हे ते. "कडेची खोली पाडली म्हनं." म्हटलं, पाडली. "आन् तितला पंखा?" म्हटलं, लई किरकिरायचा, गोदामात टाकलाय, भंगारवाला आला की देईन. मामंजींनी अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि उठले. ज्याने हॉटेलात कधी पाय ठेवला नाही त्याला पंख्याचं एवढं काय? वस्तू वाया गेलेली त्यांना खपत नाही, तसंच असेल.

जाता जाता म्हणाले, "पाडव्याला ठेकेदाराला बोलवून घेतो. लय झालं."

मी ताट तसंच ठेवून न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. हरले असं अजून वाटत नाही. पण मी कशाशी लढतेय तेच दिसत नाही, आणि हे फार वाईट.

२० फेब्रुवारी, गुरुवार, शिराळा

मावसबहिणीच्या मुलाच्या हळदीला शिराळ्याला आले. मन नव्हतं, पण न येऊन चालणार नव्हतं. आज इथे जे बघितलं ते विसरायच्या आत लिहून ठेवते.

संध्याकाळी आम्ही बायका गच्चीवर गहू निवडत बसलो होतो. खाली मांडव, मांडवाच्या मागे गोठा आणि गोठ्याच्या आडोशाला एक जीप. मावसबहीण वाकून बघत म्हणाली, "थोरल्यांचं चाललंय अजून." मी विचारलं, काय? तिने जीपकडे बोट केलं. जीपच्या मागच्या फळीवर बाटल्या मांडलेल्या आणि भोवती आमचे मामे, काका, सगळे पांढऱ्या टोप्या. पाच-सात मिनिटांनी त्यातले एक आजोबा जरुरीपेक्षा मोठ्याने खोकले. थोरली मंडळी गोठ्याच्या डाव्या बाजूने बाहेर निघाली आणि उजव्या बाजूने त्यांचीच पोरं, पुतणे, जावई आत शिरले. बाहेर येणारा एक मामा आणि आत जाणारा त्याचा पोरगा, मध्ये दोन हातांचं अंतर. मामाने आभाळाकडे बघितलं. पोराने चपलेकडे बघितलं. दोघेही एकमेकांना दिसले नाहीत.

बायका खुदुखुदू हसत होत्या. मावसबहीण म्हणाली, "आगं, असंच असतंय. बापाम्होरं घ्यायची म्हंजी काय लाज हाय का न्हाई? बापाला ठावं असतंय, पोराला ठावं असतंय. फकस्त बगायचं न्हाई." मीही हसले. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. माझे दादा माहेरी कुंडलला आमच्या आबांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, तंबाखूसुद्धा मळत नाहीत.

आणि हसता हसता माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

जोतिबातात्या सातला. पप्पू साडेनऊनंतर. फाटकातली लुना दिसली की मोटरसायकल परत. साडेअकरापर्यंत वेळ होता तेव्हा बाप घरी जाऊन निजायचे आणि मग पोरं यायची. दहाला बंद झालं आणि बापलेक एकाच तासात सापडले. म्हणून पोरं कालव्यावर. आणि मी शहाणी काय केलं, तर पडदे काढले, कप्पे पाडले आणि वर पांढऱ्या ट्यूब लावल्या. बापाला पोरगा लख्ख दिसावा म्हणून. वर नारळ फोडला.

बायका विचारत होत्या, काय झालं गं? मी गहू गोळा करत बसले. मला एकाच वेळी हसू आणि शरम वाटत होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आल्या आल्या धुळाला समोर बसवलं. "बाप आधी आणि पोरं नंतर. असंच ना?" त्याने मोठा श्वास सोडला. "व्हय वयनी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"बाईमानसाला कसं सांगायचं, की तुमचा अमका हितं येतोय आन् त्येचा बाप बी येतोय? गावात तोंड दाखवाया नगं का? आन् तुमी गल्ल्यावर. समद्यांच्या घरची तुमाला वळख. काकी म्हनत्यात."

म्हणजे मीही एक उजेडच होते. हे ऐकायला बरं वाटलं नाही, पण खरं आहे. धुळाला मी रागावले नाही. तो माझ्यासाठी गप्प बसला नव्हता, गावासाठी बसला होता, आणि तशी त्याची नोकरीच होती म्हणायची. कुणाच्या मागोमाग कुणाला कुठल्या कप्प्यात न्यायचं, कुणाचा पडदा कधी ओढायचा, हे इतकी वर्षं त्यानेच सांभाळलं.

आता मात्र मी सुताराला बोलावलंय. कप्पे परत. पण जुने तसे नाही. मधोमध छतापर्यंत भिंत. थोरल्यांना मागचं दार, रानाकडचं, आणि त्यांच्या गाड्याही मागे, म्हणजे फाटकात लुना दिसणारच नाही. पोरांना पुढचं दार. थोरले सात ते साडेआठ, पोरं साडेआठ ते दहा, आणि कुणी रेंगाळलंच तर मध्ये भिंत आहेच. दहाला दोन्ही दारं बंद. हुकूमही पाळला आणि लाजही राखली.

१ मार्च, शनिवार

आजचं लिहिताना मी अजून हसतेय.

सुताराने कडेच्या खोलीची भिंत उभी केली. वायरमन गोदामातून पंखा घेऊन आला. चालू करून बघितला तर तीच किरकिर. म्हणाला, "म्याडम, नवा घ्या की." मी हो म्हणणार तेवढ्यात धुळा शिडीखालून घाईने म्हणाला, "नगं नगं. आन्नास्नी त्यो आवाज लागतोय. त्येच्याबिगर बसल्यागत वाटत न्हाई त्यास्नी."

मी विचारलं, "कुठल्या अण्णांना?"

धुळाने जीभ चावली. गावात अण्णा एकच, आणि ते माझ्या घरात राहतात. वायरमन वर पंख्याकडे बघत होता, रसूलभाई भटारखान्याच्या दारात उभे होते, आणि तिघांपैकी एकही माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

कडेच्या खोलीचं दार रानात उघडतं. मामंजी रोज सातला फिरायला जातात. साडेआठला हसत येतात. म्हणजे यायचे, मी गल्ल्यावर बसेपर्यंत. सून गल्ल्यावर असताना सासऱ्याने कुठल्या तोंडाने मागच्या दाराने शिरायचं? बिचारे रोज फाटकापर्यंत यायचे, मी आहे का बघायचे आणि कोरडेच परत जायचे. मला वाटलं राग. ठेकेदार हवा होता तो ह्यासाठी. ठेकेदार काही सून नव्हे.

आणि आमचे हे. जम्मूहून फोनवर, 'सातला दिवा लावायला घरी जा.' आत्याबाई, 'थंडीच म्हनायची.' सगळ्यांना ठाऊक. मला फक्त कुणी सांगेना, आणि सांगणार तरी कसं.

वायरमनला म्हटलं, आहे तोच पंखा लाव. तेल घालू नकोस.

२ मार्च, रविवार

सकाळी न्याहारीला सगळे असताना मी मुद्दाम आत्याबाईंना म्हणाले, आवाज जरा चढवूनच, "आत्याबाई, मी उद्यापासून सात ते साडेआठ गल्ल्यावर नसणार. रसूलभाईंकडून अख्खा मसूर शिकायचाय. भटारखान्यात असेन. गल्ल्यावर धुळा. तिथून मला मागचं दार दिसत नाही आणि भांड्यांच्या आवाजात काही ऐकूही येत नाही."

मामंजी चहाची बशी तोंडाला लावून थांबले. "मसूर शिकाया एवढा येळ लागतोय?"

"लय अवघड असतोय, मामंजी."

"रोजच?"

"रोजच. एक दिवस चुकला तरी हात बसत नाही."

मामंजींनी बशी संपवली. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि चुलीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

१५ मार्च, शनिवार

हॉल रोज भरतो. दीड तास गेला तो गेलाच, त्याचं नुकसान आहे आणि ते मी मान्य केलंय. पण निम्म्यावर आलेला धंदा परत उभा राहिला. दहाला पाच कमी असताना धुळा दिवे एकदा मिचकावतो, पोरं कुरकुर न करता उठतात. काल पोलीस येऊन बघून गेले, शटर खाली होतं आणि मी पायऱ्या झाडत होते.

रेश्मा बाजारात भेटली. "आता चिखल न्हाई येत, काकी." मी म्हटलं, बरं झालं बाई. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता मीही न बघणाऱ्यांतली झाले.

मसूर मात्र खरोखर शिकतेय. कांदा किती परतायचा त्यावर रसूलभाईंचं माझ्याशी रोज एकदा वाजतं.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. दुपारी ठेकेदार आला. पांढरे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा, बोलणं गोड. सोप्यात बसला, कागद बाहेर काढले. मी आतल्या दाराआड उभी होते. हॉल भरतो हे मामंजींना ठाऊक आहे, पण त्यांच्या मनातलं कुणी सांगावं.

ठेकेदार म्हणाला, "मग अण्णा, करायची का सही? बाईमाणसाला कशाला ह्या धंद्यात..."

मामंजी पान लावत होते. चुना लावून झाला, सुपारी घातली, घडी घातली. मग म्हणाले, "आमची सून सध्या मसूर शिकतीया."

ठेकेदाराला कळेना. "बरं. मग?"

"शिकून हुईस्तोवर काय द्यायचं न्हाई."

"किती दिवस लागतील?"

मामंजींनी पान तोंडात टाकलं. "लय अवघड असतोय म्हनं," म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा त्याच्याकडे परत सरकवला.

मी दाराला टेकून उभी राहिले. मला रडू आलं, आणि ह्या वेळी कुणी गिऱ्हाईक समोर नव्हतं म्हणून मी मनसोक्त रडले. नंतर ह्यांना फोन लावला. सांगितलं, हॉटेल राहिलं. आणि हेही सांगितलं की पेन्शनीवर आलात की तुमची पाळी साडेआठनंतर, पुढच्या दाराने. ह्यांचं नेटवर्क गेलं.

सातला भटारखान्यात गेले. पातेल्यात मसूर रटरटत होता. थोड्या वेळाने मागचं दार वाजलं आणि भिंतीपलीकडे पंखा किरकिरायला लागला. रसूलभाई पातेल्याकडे बघत राहिले, मीही पातेल्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "वयनी, मसूर कवाच शिजलाय."

मी म्हटलं, "राहू दे अजून थोडा वेळ."